चक्क्याचं पाणी

"बाई, आधी पिशवी उघडा."

देवळाच्या दारात चपला काढायला सांगावं, तसं फाटकावरच्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे, गळ्यात दोऱ्याला बांधलेली चांदीची लिंगाची डबी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्याच्या मागे पत्र्याची लांब शेड होती आणि शेडमधून डुकरांचे आवाज येत होते. माणसाकडे पाहून वाटलं, पत्ता चुकला. वासावरून वाटलं, बरोबर आहे.

मी पिशवी उघडली. आत आमच्या कंपनीच्या खाद्याचा नमुना होता. म्हाताऱ्यानं वाकून वास घेतला आणि मान मागे घेतली.

"मासळी हाय ह्येच्यात."

"थोडी आहे. सुक्या मासळीची पूड. दूध तोडलेल्या पिल्लांना चांगली असते."

"असंल. पर ह्या फाटकाच्या आत मासळी येत न्हाई, अंडं येत न्हाई. पिशवी त्या झाडाला अडकवा आणि या."

डुकरांच्या फार्ममध्ये मासळी चालत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. हसू आवरत मी पिशवी आंब्याच्या फांदीला अडकवली आणि त्याच्यामागून आत गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पशुवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच पशुखाद्याच्या एका कंपनीत लागले होते. माझं नाव मर्सी तुस्कानो, मूळची वसईची. डुक्कर म्हटल्यावर नाक मुरडणार नाही असा उमेदवार कंपनीला हवा होता, आणि आमच्या घरी नाताळला डुकराचं मटण शिजतं हे मी मुलाखतीत सांगून टाकलं होतं. तेवढ्यावर मला कोल्हापूर विभाग मिळाला. गडहिंग्लजच्या पुढे, हिरण्यकेशीच्या काठी एका फार्मवर दूध तोडलेली पिल्लं पटापट मरताहेत, असा फोन कंपनीत आला. फोन बंगळुरूहून होता. साहेब म्हणाले, "जा, खाद्य गळ्यात मारून ये."

म्हाताऱ्याचं नाव रुद्राप्पा हत्तरगी. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. फार्म त्यांचा नव्हता, मुलाचा होता. मुलगा विरुपाक्ष शेतकी शिकलेला. गोव्यात डुकरांना मोठी मागणी आहे, हे त्यानं कुठंतरी ऐकलं आणि घराच्या मागच्या मळ्यात शेड बांधली. लिंगायताच्या मळ्यात डुकरं आली म्हटल्यावर पाहुण्यांनी येणं बंद केलं. आप्पा वर्षभर त्या बाजूला फिरकले नाहीत. मग विरुपाक्षाला बंगळुरूत मनासारखी नोकरी लागली आणि तो, "थोडे दिवस बघा, गिऱ्हाईक मिळालं की विकून टाकू," असं सांगून निघून गेला. गिऱ्हाईक मिळालं नाही. डुकरिणी मात्र ठरल्या वेळी व्यायल्या.

"मुकं जनावर दारात उपाशी वरडतंय आणि आम्ही आत लिंगपूजा करत बसायचं, हे काय जमंना," आप्पा मला म्हणाले. "म्हणून आलो तिकडं एक दिवस. तवापासनं हितंच हाय."

शेडच्या टोकाच्या खणात दूध तोडलेली पिल्लं होती. एकमेकांच्या अंगावर चढून, कोपऱ्यात ढीग करून बसली होती. पाठीची हाडं वर आलेली, शेपट्या ओल्या, ढुंगणं लाल. खालच्या सिमेंटवर पिवळं पाणी वाहत होतं. एक बाजूला पडून नुसतं पाय हलवत होतं. आप्पांनी त्याला उचललं, आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या पोटाशी धरलं आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"आईपासून कधी तोडता यांना?"

"तीन आठवडं झालं की. विरू म्हणतो, तसंच करायचं असतंय. डुकरीण परत लवकर गाभण ऱ्हाते."

"आणि खायला?"

"ताकदीचं. सोयाबीनची पेंड. मरायला लागली तशी आणि वाढवली. दुकानातनं औषधाची पूड आणून घालतो पाण्यात."

मी खणात उतरले, पिल्लांची पोटं चाचपली, ताप पाहिला. आजार असा वेगळा काही नव्हता. वयाला न झेपणारं जेवण होतं, एवढंच.

"आप्पा, यांच्या पोटाला अजून फक्त दूध माहीत आहे. पेंड पचवायला जठरात जो आंबट रस लागतो, तो या वयात पुरेसा तयार होत नाही. न पचलेली पेंड आत कुजते. त्या कुजक्यावर जंतू माजतात आणि हगवण लागते. तुम्ही पेंड वाढवली, म्हणजे जंतूंचं जेवण वाढवलं."

आप्पांनी पोटाशी धरलेल्या पिल्लाकडे पाहिलं.

"म्हंजे ताकद घालून घालून मारली म्हणा की आम्ही."

"पेंड कमी करायची. दूध उशिरा तोडायचं. आईपाशी असतानाच थोडं थोडं चाटवून सवय लावायची. खाली कोरडा भुसा आणि ऊब. आणि पोटात थोडं आंबट जाईल, दुधाची साखर जाईल, असं काहीतरी. आमच्या खाद्यात ते सगळं आहे."

"मासळी काढून द्या मग."

"कंपनी एका फार्मसाठी काढून देणार नाही."

"मग दुसरं सांगा काय तरी."

शेडच्या मागे, बांधाच्या कडेला मातीचे लहान लहान उंचवटे होते. मी विचारलं नाही. आप्पांनीच सांगितलं. त्यांच्यात माणूस पुरतात, म्हणून ही पण पुरली. फेकून द्यायला मन होईना.

हात धुवायला मी घराकडे गेले. परसात बांबूच्या आडव्या काठीला पांढऱ्या फडक्यांची गाठोडी टांगलेली होती, ओळीनं. प्रत्येकातून हिरवट पिवळं पाणी थेंब थेंब गळत होतं आणि खालच्या पन्हाळीतून थेट गटारात जात होतं. आप्पांच्या बायकोचा, गिरिजाक्कांचा, चक्क्याचा धंदा होता. गडहिंग्लजच्या हॉटेलांत त्यांच्या चक्क्याचं श्रीखंड व्हायचं. मी हात तसाच पाण्याखाली धरून त्या गटाराकडे बघत राहिले. मला जे पाहिजे होतं, ती दुधाची साखर आणि तो आंबटपणा, दोन्ही डोळ्यांसमोरून वाहून चाललं होतं.

"अक्का, हे पाणी मला द्याल?"

गिरिजाक्का गाठोडं पिळत होत्या. उंच, काटक बाई. त्या भागात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि त्यांच्या तोंडी ते शोभायचं. "कशाला?"

"पिल्लांना पाजायला."

त्यांचा हात थांबला. "कुठल्या पिल्लांना?"

"तिकडच्या."

"त्या तिकडचं माझ्यापुढं काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "विरूनं शेड बांधली त्या दिवसापास्नं मी त्या दिशेला तोंड करून बसत न्हाई. माझ्या दुधाचं पाणी त्येंच्या तोंडात घालायचं? हाटेलवाल्यास्नी कळलं तर माझा चक्का कोण घेईल?"

"गटारात जातंच आहे की."

"गटारात गेलेलं चालतंय."

मी पदर पसरून विनवण्या करणाऱ्यातली नव्हते. पण परत फिरताना सहज बोलून गेले, "पिल्लांची आई पलीकडच्या खणात आहे. भिंतीवरून ओरडते, ही इकडून ओरडतात. तीन आठवड्यांत तोडतात ना."

"तीन?"

"विरुपाक्षानं तसं ठरवून दिलंय."

गिरिजाक्कांनी गाठोडं काठीला परत बांधलं. बांधायला जरा जास्तच वेळ लावला. "त्यो सवता शाळंला जाईस्तवर माझ्या पदराखाली शिरत हुता," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि एक जुनं पितळी पातेलं घेऊन आल्या. "ह्ये तिकडंच ठेवायचं. परत माझ्या घरात आणायचं न्हाई. आणि आईपास्नं लवकर तोडलं असं माझ्या कानावर आलं, तर पाणी बंद करतो मी."

असा आमचा प्रयोग सुरू झाला. तांदळाच्या कण्या शिजवायच्या, त्यात भाजलेल्या सोयाबीनचं थोडंसंच पीठ घालायचं, चक्क्याच्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, आणि आंबूस वास आला की कोमट करून थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा घालायचं. आप्पांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही तर आंबील. श्रावण सोमवारी आम्ही हीच पितो." त्यांना फार समाधान झालं. जी पिल्लं अगदीच गेलेली होती ती गेली. बाकीच्यांची हगवण हळूहळू थांबली. पुढच्या विणीची पिल्लं आईपाशी पाचेक आठवडे राहिली, आईच्या दुधाबरोबरच आंबील चाटायला शिकली, आणि तोडल्यावर त्यांना काही झालंच नाही. वेगळी केल्या दिवशी ती थोडं ओरडली, पातेल्याचा आवाज ऐकला आणि गप्प झाली.

साहेबांना हे मी फोनवर सांगितलं.

"तुला खाद्य विकायला पाठवलं होतं की ताक वाटायला?"

"सर, पिल्लं जगली."

"आपली एक गोणी तरी गेली का तिथं?"

गेली नव्हती. माझी नोकरी त्या महिन्यात जायचीच, पण साहेब स्वतः पाहायला आले. त्यांची पिशवीसुद्धा आप्पांनी झाडाला अडकवायला लावली. साहेबांनी पिल्लं पाहिली, पातेल्यात बोट बुडवून चाखलं, आणि वर्षभरात कंपनीनं दुधाच्या भुकटीचं एक नवं खाद्य काढलं. गोणीवर गुटगुटीत पिल्लाचं चित्र आणि शेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका. ते चांगलं खपलं. मला बढती मिळाली.

पण ते नंतर. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या थंडीत मी आठवड्यातून एकदा तरी आप्पांकडे जायचेच. पिल्लं अशी वाढत होती की मला स्वतःला आश्चर्य वाटायचं. अंगावर तुकतुकी, पाठ भरलेली, डोळे स्वच्छ. आप्पा फाटकात दिसले की सगळा कळप खणाच्या कडेला येऊन नाकं वर करायचा. ते प्रत्येकाच्या कानामागे खाजवत पुढे जायचे आणि मग हात धुऊन पूजेला बसायचे.

आणखी एक गोष्ट झाली. तुटलेले पाहुणे यायला लागले. रुद्राप्पांच्या डुकरांना मासळीचं वावडं आहे, ती आंबिलीवर राहतात, हे भागात पसरलं होतं. संकेश्वरहून आप्पांचे थोरले साडू आले, उपरण्यानं नाक झाकून शेडमध्ये गेले आणि उपरणं काढून बाहेर आले. "आमच्या पोरांपेक्षा सोवळी हायत की रं," असं म्हणाले. आप्पांची मान त्या दिवशी ताठ होती.

त्या वाढीचं पुढं काय होणार, हे आप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. विरुपाक्षानं शेड कशासाठी बांधली हे त्यांना माहीत होतं. पण आधीची सगळी लहानपणीच मेली होती. शेडमधून जिवंत बाहेर गेलेलं जनावर त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं.

म्हापशाचा व्यापारी कायतान एका दुपारी आला. विरुपाक्षानंच त्याला बंगळुरूहून कळवलं होतं. मी होते तिथं. कायतान खणात शिरला, एकेकाच्या पाठीवर पंजा ठेवून दाबून पाहत गेला आणि बाहेर येऊन त्यानं आप्पांचा हात हातात घेतला.

"आप्पा, मी नाताळ झाल्यावर येणार होतो. हे तर आताच तयार. इतक्या लवकर मी कुठं पाहिले नाहीत. काय घालता काय?"

"आंबील," आप्पा म्हणाले.

"नाताळच्या आधी नेतो. गाडी पाठवतो."

तो गेल्यावर आप्पा बराच वेळ खणाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मग माझ्याजवळ आले.

"बाई, वाढ थांबवायचं काय असतंय काय तुमच्याकडं?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी हसले. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं तसंच राहिलं.

"नसतं, आप्पा."

"पेंड घालून जरा पोटं बिघडवली तर? जरा वाळतील. त्यो बघून परत जाईल."

"आजारी पाडायची?"

"मराय न्हाई पायजेत. जरा वाळाय पायजेत."

 स्वतःचं ते बोलणं त्यांनाच कसं ऐकू आलं असेल कोण जाणे. खाली बघत त्यांनी विचारलं, "न्हाईच पाठवली तर किती वर्सं जगतंय डुक्कर?"

"दहा-पंधरा वर्षं सहज."

"मग ऱ्हाऊ देत की. माझ्या बरोबरीनं म्हातारी हुतील."

ते बोलत होते त्याच दिवशी सकाळी मी नव्या पिल्लांची जागा पाहिली होती. मोठी डुकरं सगळे कोरडे खण धरून बसली होती. दोन नव्या विणींची तोडलेली पिल्लं शेडच्या मागच्या चिंचोळ्या वाटेवर, उताराच्या ओल्या जागेत ठेवावी लागली होती. एकावर एक दाटीनं. दोघा-तिघांची ढुंगणं ओली दिसली होती मला. मी आप्पांना तिथं घेऊन गेले आणि दाखवलं.

"आंबील तीच हाय की," ते म्हणाले.

"आंबील तीच आहे. जागा नाही. ओल्यात, दाटीत ठेवल्यावर कितीही चांगलं खायला घातलं तरी पोट टिकत नाही. मोठी इथंच राहिली तर ही सगळी जातील. आणि महिन्याभरात आणखी दोघी व्यायच्या आहेत."

"म्हंजे त्येंच्या जाग्यावर ही."

"हो."

त्यांनी एका ओल्या पिल्लाला उचललं, पोटाशी धरलं. "तुमी खाता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"खाते."

"नाताळला?"

"नाताळला."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस हलवतो तशी हलवली. रात्री त्यांनी विरुपाक्षाला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पा, भावनेत जाऊ नका, हा धंदा आहे." हे मला गिरिजाक्कांनी सांगितलं, आणि पुढं म्हणाल्या, "मी सांगितलं ह्यास्नी, पाठवा म्हणून. जायचं ते जाणारच. ठेवून कोण ऱ्हातंय." त्या डुकरांविषयीच बोलत होत्या, असं मी धरून चालले.

गाडी आली ती सकाळी, ऊन वर आल्यावर. कायतानबरोबर चार माणसं होती, प्रत्येकाच्या हातात वेताची काठी. आप्पा घरातून बाहेर येणार नव्हते. माझ्यावर सोपवून ते पूजेच्या खोलीत बसले होते. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की प्रवासाआधी जनावरांना खायला घालायचं नाही, नाहीतर वाटेत त्रास होतो. त्यामुळे डुकरं भुकेली होती आणि त्यांना आप्पा का आले नाहीत हे कळत नव्हतं.

गाडीच्या मागे फळी टाकली. माणसांनी खणाचं दार उघडलं आणि डुकरं बाहेर आली, फळीजवळ गेली आणि थांबली. फळीचा पोकळ आवाज त्यांना आवडला नाही. पुढचं मागं वळलं, मागची त्याच्यावर आदळली. माणसांनी काठ्या चालवल्या. आयुष्यात काठी न पाहिलेली ती जनावरं. ती ज्या आवाजात किंचाळली, तो मी तोवर ऐकला नव्हता, आणि मी या धंद्यातली. एकाच्या कानातून रक्त आलं. एक भिंतीला धडकून खाली बसलं.

"मारू नका," मी म्हणाले.

"मग काय हात जोडू?" त्यातला एक जण म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. घामाघूम झाला होता.

तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला. "बाजूला व्हा."

ते पूजेवरून तसेच उठून आले होते. अंगावर सोवळ्याचं धोतर, कपाळावर ओलं भस्म. हातात ते पितळी पातेलं. त्यांच्या मागे गिरिजाक्का होत्या. शेडच्या दारात त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. पातेलं त्यांनीच भरून दिलं असावं, कारण त्यांचे हात कोपरापर्यंत कण्यांनी माखलेले होते.

"आप्पा, खायला घालायचं नाही आज," मी म्हणाले.

"घालत न्हाई. नुसतं दावतो."

त्यांनी पातेल्यावर बोटानं टकटक केलं. किंचाळणं थांबलं. सगळी नाकं वर झाली. आप्पा फळीकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून, पातेलं छातीशी धरून मागे मागे चालत फळीवर चढले. "या, या रं. या माझ्या राजांनो, चला." तोच आवाज, रोज सकाळचा. कान फाटलेलं पहिलं आलं. मग दुसरं. मग एकामागून एक, खुरांचा खडखड आवाज करत, फळीवरून सगळी वर चढली. कुणाला हात लावावा लागला नाही. भिंतीपाशी बसलेलं शेवटी उठून धावत गेलं, आपण मागं राहू म्हणून.

गाडी भरली. आप्पा आत, त्यांच्या मधोमध. त्यांचं नुसतं भस्म लावलेलं कपाळ आणि वर धरलेलं पातेलं दिसत होतं. मग ते वाट काढत, दोन्ही बाजूंच्या पाठी थोपटत, कडेनं बाहेर आले. कायताननं फळी ओढली, मागचं दार लावलं आणि आप्पांशी बाजूला जाऊन काहीतरी बोलला. आप्पांनी मान डोलावली. गाडी गेली.

पातेल्यातली आंबील त्यांनी चिंचोळ्या वाटेवरच्या पिल्लांना घातली. मग मोकळे झालेले खण माणसं लावून धुवून घेतले, वाळवले, भुसा टाकला आणि पिल्लं तिकडं हलवली. पिल्लं भुशात नाकं खुपसून उड्या मारायला लागली. आप्पा ते पाहत उभे राहिले आणि मग विहिरीवर जाऊन परत अंघोळ केली.

गिरिजाक्कांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आप्पा आणि मी समोरासमोर पाटावर बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, दही. आप्पा नेहमीसारखेच जेवत होते, अगदी सावकाश. मी उगीच काहीतरी विचारलं.

"कायतान काय म्हणत होता जाताना?"

"व्हय, ते." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणाला, आप्पा, पुढच्या खेपंपास्नं तुमीच चढवत जावा. माणसं आणायला लागत न्हाईत. जनावरालाबी मार बसत न्हाई."

"मग?"

"मग काय, हो म्हणालो." त्यांनी तुकडा दह्यात बुडवला. "त्येंच्या काठ्या बघितल्या न्हवं तुमी."